लेझर अन् दोन फटींचं किट: पट्ट्या एक नंबर, पण 'एकेक फोटॉन' खोटं

380 रुपयांत ऑनलाईन घेतलं, कुरिअरवाला गावात येत नाही म्हणून दारव्ह्याला जाऊन आणावं लागलं. आत लाल लेझर (650 नॅनोमीटर, 1 मिलिवॅट), दोन फटींची काच, एक काळी फिल्म अन् माहितीचा कागद.

संध्याकाळी लाईन गेली तसं पोट्ट्यांना घेऊन बसलो, अंधार आयताच होता. लेझर पाटावर, समोर काच, चार मीटरवर चुन्याची भिंत, अन् भिंतीवर लाल-काळ्या पट्ट्या अशा उमटल्या की पोट्टे एकदम चूप. पहिल्या लाल पट्टीपासून सहावीपर्यंत मोजलं तर 5.2 सेंटिमीटर, फटींमधलं अंतर 0.25 मिलिमीटर धरून गणितानं पण तेवढंच येते. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं 1803 मध्ये उन्हाच्या कवडशात कागदाची बारीक पट्टी धरून प्रकाश लाटेसारखा वागते हे जे दाखवलं ते घरात दिसून राहिलं! काचेला पैकीच्या पैकी.

पण कागदावर छापलंय की फिल्म लावा अन् एकेक फोटॉन (म्हणजे प्रकाशाचा एकेक कण) पाहा. हे साफ चूक आहे, अन् पोरांना चूक शिकवलेलं मला खपत नाही. 1 मिलिवॅटच्या लाल लेझरमधून सेकंदाला 3 वर 15 शून्य इतके फोटॉन निघतात, भिंतीपर्यंत पोचायला प्रकाशाला 13 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे कधीही पाहा, मधल्या चार मीटरात 4 कोटींच्या वर फोटॉन असतात. फिल्मनं शंभर पट कमी केले समजा, तरी 4 लाख उरले. 100 फोटॉन मोजले तर दर वेळी आकडा कमीजास्त होते वर्गमुळाएवढा, म्हणजे 10, दहा टक्के. पण सेकंदाचे सगळे धरले तर तीच कमीजास्त साडेपाच कोटींत एक भाग, ती कशी दिसणार? म्हणून सलग लाटच वाटते. थ्रेशरमधून सोयाबीन पडते तेव्हा धार दिसते, शेवटी शेवटी एकेक दाणा टिनावर वाजतो, तसं. (फक्त दाणे पट्ट्या पाडत नाहीत, फोटॉन एकेक आले तरी पाडतात.) इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलरनं 1909 मध्ये प्रकाश इतका मंद केला होता की एका फोटोला तीनेक महिने लागले, तरी सुईच्या सावलीतल्या पट्ट्या तशाच आल्या. अन् लेझर कितीही मंद करा, कधी एक, कधी दोन सोबत, कधी काहीच नाही असंच येते, खरा एकेक देणारा स्रोत वेगळा असते अन् मोजायला डिटेक्टर लागते.

कागद बदला म्हणून विकणाऱ्याला मेसेज टाकलाय, उत्तर नाही अजून. लाट दाखवायला बिनधास्त घ्या. सेल चार दिवसांत उतरतात, जास्तीचे आणून ठेवा, अन् लेझर कोणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका.