सोसायटीच्या स्विमिंग पूलसाठी टीसीसीए की सॉल्ट क्लोरिनेटर?

दोन्ही पद्धतींत पाणी शुद्ध करतो तो क्लोरीनच. हे आधीच सांगतो, कारण ‘मिठाच्या पूलमध्ये क्लोरीन नसतो’ असं समजून सर्वसाधारण सभेत हात वर करणारे सभासद मी पाहिलेत. टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, क्लोरीनची पावडर किंवा गोळ्या. त्यात तो ड्रममधून येतो, सॉल्ट क्लोरिनेटरमध्ये पंपरूममध्येच मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तयार होतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा उघडा पूल बरीच वर्षं टीसीसीएवर चालला, आता मिठावर चालतो. तुमचं पाणी, तुमचा ऑपरेटर आणि तुमच्याकडचा निधी वेगळा असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

टीसीसीएच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. त्यात 90 टक्के ‘अव्हेलेबल क्लोरीन’ असतो (हा ताकदीचा आकडा, वजनाचा नव्हे) आणि कोरड्या जागी ठेवलेला ड्रम उन्हाळ्यातही जोर सोडत नाही. कॅनमधलं हायपो, म्हणजे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, मात्र मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली झपाट्याने कमकुवत होतं. टीसीसीएचं काम नव्या ऑपरेटरलाही लवकर समजतं, आणि मशीनचा खर्च नसल्यामुळे कमिटीला सभेत भांडावं लागत नाही. एक गोष्ट मात्र पंपरूमच्या दारावर लिहून लावा: टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका मगात, एका बादलीत कधीही नको. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू निघतो, आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो.

आमचा निर्णय झाला तो सायन्युरिक ॲसिडमुळे. टीसीसीएच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग म्हणजे हे ॲसिड. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून उघड्या पूलला 30 ते 50 पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्राम) हवंच. पण क्लोरीन खर्च होतो आणि हे मागे उरतं. ते उडून जात नाही आणि सँड फिल्टरमध्येही अडकत नाही. एक लाख लिटर पाण्यात एक किलो टीसीसीए टाकलं की साधारण साडेपाच पीपीएम सायन्युरिक ॲसिडची भर पडते. एप्रिल-मेच्या सुट्टीत मुलांच्या बॅचेस सकाळ-संध्याकाळ चालू असतात, तेव्हा किलोभर टीसीसीए चार-पाच दिवसांत सहज संपतं. म्हणजे महिन्याला पस्तीस-चाळीस पीपीएम वाढले.

हे प्रमाण शंभराच्या पुढे गेलं की क्लोरीन पाण्यात असूनही बांधलेला राहतो, शेवाळ मारायला पुरत नाही. आमच्याकडे नेमकं हेच दिसायचं. पिवळ्या थेंबांच्या किटवर क्लोरीन व्यवस्थित, आणि खोल बाजूच्या टाइल्स निसरड्या, पाण्यावर हिरवट झाक. मग ऑपरेटर आणखी टीसीसीए टाकणार, म्हणजे सायन्युरिक आणखी वाढणार. ते थेंबांचं किट हे ॲसिड दाखवतच नाही. त्याची टेस्ट वेगळी असते: पाणी गढूळ होऊन नळीच्या तळाचा काळा ठिपका कुठे दिसेनासा होतो ते बघायचं. तुमचा एएमसीवाला (देखभालीचा वार्षिक करार घेतलेला) ती करत नसेल तर आग्रहाने करायला लावा.

प्रमाण वाढल्यावर व्यवहारात उपाय एकच, पाणी सोडून देणं. 150 वरून 50 वर यायचं तर दोन तृतीयांश पाणी जातं. लाख लिटरच्या पूलला दहा हजारी सहा-सात टँकर. पावसाळ्यात हे काम निसर्ग करतो. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उघडा पूल भरून वाहत राहतो आणि सगळं आपोआप पातळ होतं. पण साठा वाढतो ऑक्टोबरपासून, आणि कळस गाठतो तो मेमध्ये, जेव्हा आपल्याकडे पिण्याच्या पाण्यालाही टँकर लागतात. घरातल्या नळांना मोजून पाणी येत असताना पूलचं पाणी गटारात सोडायला सांगणं मला अजिबात पटलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून विचारलं, “हे सगळं पाणी चाललंय कुठे?” मला उत्तर देता आलं नाही.

सॉल्ट क्लोरिनेटरमध्ये सायन्युरिक ॲसिड सुरुवातीला मोजून टाकायचं, पावसाने पातळ झालं तर तेवढीच भर घालायची. रोजच्या क्लोरीनबरोबर ते वाढत नाही. माझ्या दृष्टीने एवढं पुरेसं होतं.

त्रास इथेही आहेत. हजार लिटरला तीन ते चार किलो मीठ लागतं, आणि पावसात तेही वाहून जातं, त्यामुळे गणपतीनंतर गोण्या पुन्हा आणाव्या लागतात. टीसीसीए पीएच खाली ओढतं, इथे तो वर चढतो, म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं देत राहावं लागतं. पालिकेच्या पाण्यावर सेल (मशीनचा क्लोरीन तयार करणारा, प्लेट्सचा भाग) स्वच्छ राहतो, पण बोअरचा टँकर ओतलात की प्लेट्सवर पांढरा थर धरतो आणि सेल सौम्य ॲसिडने धुवावा लागतो. शिवाय पंप चालू असेपर्यंतच क्लोरीन तयार होतो. पंप बिघडला तर हाताशी थोडं हायपो हवंच. स्टीलच्या शिडीवर गंजाचे ठिपके आमच्याकडे लवकर आले. नवी घेताना 316 ग्रेडची घ्या.

डोळे चुरचुरण्याचं म्हणाल तर मीठ आलं म्हणून ते थांबत नाही. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं, वास आणि चुरचुर बहुतेक वेळा त्याचीच. शॉवर घेतल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच पाळावा लागतो.

छताखालच्या पूलला ऊनच लागत नाही, तिथे डोसिंग पंपावर हायपो बहुधा पुरेल. मशीनसाठी निधी नसेल तर टीसीसीए चालू ठेवा, पण जानेवारीपासून दर महिन्याला सायन्युरिक मोजा आणि पन्नास ओलांडलं की पावसाळ्यापर्यंत हायपोवर या. हायपो ताजं आणि लागेल तेवढंच मागवा. निधी असेल तर मी मिठाकडेच बोट दाखवेन. तेव्हा सेल पूलच्या गरजेपेक्षा एक माप मोठा घ्या, म्हणजे मेमधल्या गर्दीला तो कमी पडणार नाही. सेल काही वर्षांनी बदलावाच लागतो, त्याची किंमत पहिल्याच कोटेशनमध्ये लेखी मागून घ्या.