पपईच्या ‘शंभर टक्के मादी’ बियाण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

परसबागेसाठी मोबाइलवरील जाहिरात पाहून पपईचे बियाणे मागवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. ‘तैवान ७८६, शंभर टक्के मादी झाडे’ असे सांगून एका विक्रेत्याने माझ्याकडून २० बियांचे ४८० रुपये, कुरिअरचे ७० रुपये आणि ‘फळधारणेच्या पावडरी’चे ३५० रुपये, असे एकूण ९०० रुपये उकळले. बी पाहून झाडाचे लिंग ओळखता येत नाही; त्यामुळे अशी हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पाकीट हातात पडले, तो क्षण आठवला की आजही संताप होतो. स्टेपल मारलेली साधी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर ना लॉट क्रमांक, ना उगवणशक्तीची टक्केवारी, ना चाचणीची तारीख. काही बियांना तर गरातली पातळ त्वचा सुकून तशीच चिकटलेली होती, म्हणजे बाजारातले फळ चिरून काढलेल्या बिया सरळ पिशवीत भरल्या होत्या. मी लगेच विचारले, तेव्हा “मोठ्या पाकिटातून सुटे करून दिले आहे, ताई” असे उत्तर आले. चार झाडांसाठी कोणी अख्खे पाकीट घेत नाही, त्यामुळे ते कोणालाही पटले असते.

फुले आली तेव्हा बहुतेक झाडांवर लांब देठांचे, खाली लोंबणारे नर फुलांचे घोस निघाले. खऱ्या ‘तैवान ७८६’ या संकरित वाणात मादी आणि उभयलिंगी झाडेच येतात, नर येत नाही. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? तरीही कृषी कार्यालयाने “सातबारा आहे का? परसबागेची तक्रार आमच्याकडे येत नाही” असे म्हणून मला पोलिसांकडे पाठवले, पोलिसांनी रक्कम ऐकून ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला आणि तिथल्या खिडकीवर पक्के बिल मागितले गेले. बिल न देणाऱ्याविरुद्धच तक्रार असताना बिल आणायचे कोठून? बियाणे कायदा १९६६ पासून आहे, पण ९०० रुपये गमावलेल्या माणसाचा अर्ज साधा नोंदवून घ्यायलाही कोणी तयार नाही.

पैसे देण्यापूर्वी लेबलचा फोटो आणि बिल मागा, संभाषण पुसू नका आणि रिकामी पिशवीसुद्धा जपून ठेवा. पैसे गेल्याचे लगेच लक्षात आले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवा. त्या विक्रेत्याची जाहिरात अजून सुरू आहे. दर मात्र आता ५५० रुपये केला आहे.