क्वालाटेक्सचे २६० नंबरचे लांब फुगे आणि दुहेरी हातपंप: महाग आहेत, तरी घ्या

वाढदिवसाच्या पार्ट्यांत फुग्यांचे कुत्रे, मुकुट, तलवारी करून देणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे हा अभिप्राय हौशी पालकांपेक्षा या लाइनीत नव्याने आलेल्यांसाठी जास्त. आकडा कशाचा ते आधी सांगतो. पूर्ण फुगल्यावर २ इंच जाड आणि ६० इंच लांब, म्हणून २६०. शंभराचं पाकीट येतं. मी ते मे महिन्याच्या गच्चीवरही वापरलंय आणि पावसाळ्यात कोंदट हॉलमध्येही.

फुगा पारखायच्या कसोट्या मात्र माझ्या नाहीत, काकांच्या आहेत. काका म्हणजे ज्यांची सामानाची पेटी उचलत मी कॉलेजपासून डोंबिवलीच्या सोसायट्या पालथ्या घातल्या ते. दिवसा प्रेसमध्ये बाइंडिंग, संध्याकाळी जादू, बोलकी बाहुली आणि फुगे. टीव्हीवर रामदास पाध्यांचा अर्धवटराव बघून बाहुलीचं वेड लागलं म्हणायचे, पण खरा हात बसला तो फुग्यावर. गेल्या दिवाळीनंतर गेले. दुकानात पाकीट फोडलं की अजून त्यांच्याच पद्धतीने बघतो.

पहिली गोष्ट, फुगा दोन हातांत ताणून उजेडासमोर धरायचा. एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ दिसला की पाकीट परत. असा फुगा फुगवला की केळ्यासारखा वाकतो आणि मग कुत्रा सरळ उभाच राहत नाही. बाजारात सुटे मिळणारे बिननावाचे फुगे इथेच मार खातात. क्वालाटेक्सचा फुगा सगळीकडून सारखा भरतो.

दुसरी कसोटी कानांची. कुत्र्याचं आधी नाक, मग सारख्या लांबीचे दोन कान, आणि ते कान एकमेकांत पिळून बसवायचे. फुटणारा फुगा बहुतेक वेळा इथेच फुटतो. काका गाठ मारण्याआधी जराशी हवा सोडून द्यायचे. "टणक फुगा बघायला बरा, पिळायला नाही," असं म्हणत. शेपटीकडे चार बोटं रिकामी ठेवायची, कारण प्रत्येक पिळाला हवा पुढे सरकते, तिला जायला जागा हवी. पीळ सगळे एकाच दिशेने. एवढं सांभाळलं तर या पाकिटातला फुगा कानांना क्वचितच दगा देतो.

आणि फुटलाच तर? अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर ८ वर्षांखालच्या मुलांच्या घशात न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा अडकू शकतो, ही सूचना कायद्यानेच छापावी लागते. काकांनी तो कायदा कधी वाचला नसेल. पण फट् झालं की जादू अर्ध्यावर टाकून गुडघ्यांवर बसायचे, खुर्च्यांखालचे तुकडे वेचून खिशात घालायचे, मग रडणाऱ्या पोराला नवा फुगा. केक खोळंबला, यजमानीण घड्याळ बघायला लागली, तरी क्रम हाच.

आता पंप. दुहेरी घ्या, म्हणजे दांडा ढकलतानाही हवा भरते आणि ओढतानाही. नळीचं टोक निमुळतं हवं. २६० नंबरचा फुगा तोंडाने फुगवणं भल्याभल्यांना जमत नाही. काका फुगवायचे, गाल एवढे मोठे करून की पोरं त्यावरच हसायची. पुढे दम पुरेना, तेव्हा मी पंप आणला. चार दिवस कुरकुरले, पंपाला कोण हसणार म्हणून. पाचव्या दिवशी त्यांनी नळी वाढदिवसाच्या मुलाच्या बाबांच्या पोटाला लावली आणि पंप मारायला सुरुवात केली. बाबांनी पोट फुगवलं, हॉल गडगडला. मी अजून तेच करतो. निम्म्या बाबांना पोट फुगवायची गरजही पडत नाही, ती गोष्ट वेगळी.

जपणुकीचं थोडं. लॅटेक्सला ऊन चालत नाही, रंग मंद पडतो आणि रबर कमजोर होतं. गाडीच्या डिकीत पाकीट ठेवू नका. मी काकांचाच बिस्किटांचा पत्र्याचा डबा वापरतो, घट्ट झाकणाचा. उघड्या गच्चीवर दुपारची पार्टी असेल तर काळे आणि चॉकलेटी रंग घरीच ठेवा, ते उन्हात लवकर तापतात आणि फुटतात.

किंमत सुट्या फुग्यांच्या कितीतरी पट आहे, म्हणून पाचपैकी साडेचार. घरच्या एकाच पार्टीसाठी एवढा खर्च करू नका, साधे घ्या आणि जास्तीचे घ्या. धंदा करणाऱ्यांनी मिश्र पाकिटापेक्षा एकेका रंगाचं घ्यावं; गुलाबी आणि लाल आधी संपतात, उरलेल्या रंगांना कोणी हात लावत नाही.

तलवारीला हा फुगा उत्तम, पण तलवारी केक कापून झाल्यावर, मंडळी चपला शोधायला लागली की मगच द्यायच्या. त्याआधी काका एकही देत नसत, बर्थडे बॉयने लोळण घेतली तरी. एकाला दिली की दहा द्याव्या लागतात आणि हॉलचं पानिपत होतं.