कार्टला रॅक कापून बसवावा की टाय रॉड थेट जोडावेत?

घरी गो-कार्ट बनवताना फ्रेम वेल्ड झाली, मागचा अ‍ॅक्सल बसला, इंजिन जागेवर आलं की स्टिअरिंगचा प्रश्न उभा राहतो. त्यावरचा सल्ला ठरलेला असतो, ‘भंगारातून मारुती ८००चा रॅक आण आणि काप.’ रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की आडवी सरकून चाकं वळवणारी दातेरी सळई. कार्ट अरुंद, म्हणून ती कापायची. मीही पहिल्या कार्टला तेच केलं. दुसऱ्या कार्टला मात्र स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी एक पट्टी वेल्ड केली आणि दोन्ही टाय रॉड (चाकं ओढून-ढकलून वळवणारे दांडे) थेट तिला जोडले. दोन्ही गाड्या घरातल्या पोरांनी भरपूर पिदडल्यात, त्या भरवशावर हे लिहितोय. मोजमापं फार काटेकोर नाहीत.

रॅक हा सल्ला वाईट नाही. मारुती ८००चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण रॅक अजून सहज मिळतो, आणि कार्टच्या मानाने तो दणकट आहे. फक्त कापायचा कुठे, हे नीट समजून घ्या. दात एकाच बाजूला असतात, बाकीची सळई साधी. त्या साध्या टोकाकडून कापा, टोकाला ड्रिल मारून टॅपने नवे आटे पाडून घ्या आणि रॅक एंड (टाय रॉड जोडायचा सांधा) परत बसवा. मधोमध कापून दोन तुकडे वेल्ड करणारे पाहिलेत. कृपा करून ते करू नका. वेल्डच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि अशी सळई तुटताना आधी सांगत नाही.

रॅकची नळीही तेवढीच कापावी लागते, आणि तिच्या टोकाचा बुश (रॅकला आधार देणारी कडी) काढून नव्या टोकाला बसवावा लागतो. मी पहिल्यांदा बुश विसरलो. रॅक एका बाजूने अधांतरी, चाक हाताने हलवलं की खटखट. उद्यमनगरातल्या लेथवाल्याने नळी हातात घेतली, आत बोट घातलं आणि एवढंच विचारलं, “याचा बुश काय घरी ठेवून आलाय?” एकूण लेथचं बिल रॅकपेक्षा जास्त झालं.

आपल्या गाड्या उजव्या हाताच्या, त्यामुळे पिनियन (रॅक सरकवणारं छोटं दातेरी चाक) उजवीकडे. डावीकडून कापल्यावर तो बऱ्यापैकी मधे येतो, अगदी मधोमध नाही. स्टिअरिंगचा दांडा थोडा तिरका जातो, यूजे (युनिव्हर्सल जॉइंट, तिरका फिरणारा सांधा) लागतो. आणखी एक गंमत. नकलचे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या भागाचे, हात मी मूळ गाडीच्या उलट बाजूला काढले होते. पहिल्या चाचणीत स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि कार्ट उजवीकडे गेली. हात पुढे असतील की मागे, हे ठरवल्याशिवाय रॅकचे क्लॅम्प वेल्ड करू नका.

हे सगळं निस्तरता येतं. मला नडली ती गोष्ट वेगळीच.

माझ्या रॅकमध्ये स्टिअरिंगच्या एका फेऱ्याला रॅक साधारण ४० मिमी सरकायचा. नकलचा हात १०० मिमी. चाक ३० अंश वळवायला रॅक ५० मिमी सरकायला हवा, म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वा फेरा. कारमध्ये हे जाणवतही नाही, हात बदलत फिरवता येतं. कार्टमध्ये स्टिअरिंग मांड्यांच्या मधे, कोपरं सीटच्या कडेला टेकलेली. गोदामाच्या अंगणात टायर मांडून आम्ही एक यू-वळण केलं होतं. पुतण्या तिथे आला, एका हातावर दुसरा हात चढला, कोपर सीटच्या कडेत अडकलं आणि गाडी सरळ टायरांत. “काका, हात संपले!” एवढंच ओरडला. पुढे प्रत्येक फेरीला तो त्या वळणाआधी जवळजवळ थांबायला लागला.

उपाय म्हणून नकलचा हात ७० मिमी केला. फेरा सव्वावरून एकच्याही आत आला, पण स्टिअरिंग जड झालं आणि जुन्या रॅकमधला खेळ (ढिलेपणा) चाकाशी वाढला. खेळ काढायला रॅकचा अ‍ॅडजस्टर आवळला, तर मधे ठीक आणि टोकांना घट्ट. साहजिक आहे, वापरलेला रॅक मधेच झिजलेला असतो. तिथे माझा धीर संपला.

थेट जोडणीत पाव फेऱ्याच्या आत पूर्ण वळण मिळतं. हात स्टिअरिंगवरून सुटतच नाहीत. रेसिंग कार्टमध्येही हीच पद्धत असते, आणि त्याला कारण आहे. मागचा अ‍ॅक्सल एकसंध, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक जरा उचललं गेलं पाहिजे, नाहीतर गाडी सरळच रेटते. ते उचलायला कॅस्टर (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे कल) लागतो आणि चाकं झटकन वळावी लागतात. शिवाय साध्या कार्टला सस्पेन्शन नसतं. चाक वरखाली झालं तरी दिशा बदलू नये, यासाठी कारमध्ये रॅकची लांबी आणि जागा फार जपावी लागते. कार्टला त्या कटकटीची गरजच नाही.

थेट जोडणी निर्दोष आहे असं मात्र म्हणणार नाही. खड्ड्याचा दणका सरळ मनगटात येतो. लहान पोरांना ती जड जाते, दहा फेऱ्यांत खांदे भरून येतात. पट्टी जास्त फिरली तर टाय रॉडच्या रेषेत येते आणि स्टिअरिंग तिथेच अडकतं, म्हणून दोन्ही बाजूंना स्टॉपर वेल्ड केलेच पाहिजेत. पट्टी चांगली जाड घ्या, रॉड एंडना (टाय रॉडच्या टोकांच्या सांध्यांना) नायलॉक नट (आतल्या नायलॉनमुळे सैल न होणारे) लावा.

तेव्हा माळरानावर, ढेकळांत चालवायची गाडी असेल, पुढे सस्पेन्शन असेल किंवा चालवणारा फारच लहान असेल, तर रॅक वाजवी वाटतो. एका फेऱ्यात जास्त सरकणारा, कार्टसाठीच केलेला आखूड रॅक परवडत असेल तर माझी निम्मी तक्रार तशीही गळून पडते. पण डांबरावर किंवा काँक्रीटवर पळवायची साधी कार्ट असेल, तर मी लेथवाल्याचे पैसे चांगल्या रॉड एंडवर घालीन. पट्टीला भोकांच्या दोन जोड्या पाडून ठेवा, दांड्यापासून ४० आणि ५० मिमीवर. पोराला जड वाटलं तर आतल्या भोकात बोल्ट घालायचा, हात तयार झाले की बाहेरच्या.