जुना मॉडेल रेल्वे लेआउट: डीसी ठेवावा की डीसीसी करावा?

अर्धवट राहिलेला जुना एचओ लेआउट, म्हणजे 1:87 प्रमाणाचा आणि 16.5 मिमी गेजचा (रुळांमधल्या अंतराचा), पुन्हा उभा करताना पहिला निर्णय वीजपुरवठ्याचा घ्यावा लागतो. डीसी (एकदिश विद्युतप्रवाह) पद्धतीत रुळांवरचे व्होल्टेज 0 ते 12 व्होल्टच्या दरम्यान कमीजास्त करून गाडीचा वेग ठरवतात. त्यामुळे दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवायच्या असतील, तर रुळांचे वेगळे विभाग पाडून प्रत्येकाला स्विच द्यावा लागतो. जुन्या लेआउटच्या फळीखाली वायरींचे जे जंजाळ सापडते ते बहुधा याचेच असते, आणि त्याचा आराखडा सहसा कुणी लिहून ठेवलेला नसतो.

डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर, म्हणजे आज्ञा ओळखणारे छोटे सर्किट, फक्त स्वतःच्या क्रमांकाला आलेली आज्ञा पाळते. वायरिंग सुटसुटीत होते, पण खर्च इंजिनांच्या संख्येनुसार वाढत जातो. शिवाय जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा संपर्क) अनेकदा थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर जोडला, तर डिकोडर जळण्याचीच शक्यता अधिक.

एक-दोन इंजिनांच्या साध्या वर्तुळाकार मार्गाला डीसी पुरते; तिथे उगाच खर्च कशाला? यार्ड (डबे-गाड्या उभ्या करण्याचे अनेक रूळ) आणि चार-पाच इंजिने असतील, तर मात्र मी डीसीसीच निवडेन. रूळ गंजलेले पोलादी असतील, तर दोन्ही पर्यायांत ते काढून निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे बसवावेत. डीसीसीत तर आज्ञाही रुळांतूनच जात असल्याने खराब संपर्क अधिक त्रास देतो.