कॉपी केस झालीय, मास्टर्स करायचंय: इथं एमटेक, जर्मनी की अमेरिका?

सांगलीत थर्ड इयरला माझ्यावर कॉपी केस झाली. कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये चिठ्ठी होती, पेन्सिलनं बारीक लिहिलेले दोन फॉर्म्युले, त्यातला एकच पेपरात आलेला. स्क्वॉडच्या सरांनी ती माझ्या उत्तरपत्रिकेला स्टेपल केली, तो आवाज अजून कानात आहे. सेमिस्टरचा सगळा परफॉर्मन्स कॅन्सल, वर्ष गेलं. परवा विश्रामबागला एक ज्युनिअर भेटला, त्याची पण तशीच केस, म्हणाला दादा आता मास्टर्सचं काय, त्याला जे सांगितलं तेच लिहितोय.

इथंच एमटेक करायचं तर वाट त्यातल्या त्यात सोपी. गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, द्या, स्कोअर 3 वर्षं चालतो, एनआयटीची सीट सीसीएमटीतून, म्हणजे एमटेकच्या सेंट्रल काउन्सेलिंगमधून, स्कोअरवर लागते. कॉलेजकडून कॅरेक्टर सर्टिफिकेट मिळतंय का ते मात्र आधीच बघून ठेवा, आणि कुठं इंटरव्ह्यू असेल तर गेलेल्या वर्षाबद्दल विचारतातच.

जर्मनीत भर मार्कांवर आणि विषय जुळण्यावर. 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्याला एपीएस सर्टिफिकेट लागतं म्हणजे मार्कशीट तपासल्या जातात, त्यात अटेम्प्ट लपत नाही. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे सहसा ब्लॉक अकाउंटला दाखवावे लागतात, म्हणजे असं खातं ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते.

अमेरिकेचं वेगळं. तिथं बऱ्याच फॉर्मवर सरळ विचारतात की अभ्यासातल्या गैरप्रकारासाठी कधी कारवाई झालीय का. प्रश्न शब्द न् शब्द वाचा, कुठं फक्त सस्पेन्शनबद्दल असतो कुठं कुठल्याही शिक्षेबद्दल, आणि जेवढं विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. लपवलं आणि नंतर कळलं तर अ‍ॅडमिशन जाते, डिग्री हातात आल्यावरसुद्धा काढून घेऊ शकतात, एवढा धोका कशासाठी घ्यायचा? मी हो वर टिक केलं. खालच्या बॉक्ससाठी पहिल्यांदा जे लिहिलं त्यात अर्धं पान घरच्या अडचणी होत्या, आमच्या सरांनी सगळ्यावर काट मारली आणि म्हणाले, काय केलंस, काय शिक्षा झाली, त्यानंतर काय केलंस, बास. सहा ओळी उरल्या. हे एसओपीत, म्हणजे का शिकायचंय त्या निबंधात, घुसडू नका, ती जागा कामाबद्दल लिहायची. आणि ज्या सरांकडून रेकमेंडेशन घेणार त्यांना केस आधी स्वतः सांगा, त्यांना दुसरीकडून कळलं तर पत्राचा सूरच बदलतो.

केस ताजी असेल तर माझं स्पष्ट मत आहे, अमेरिकेला लगेच अप्लाय करू नका. मी कुपवाड एमआयडीसीत दोन वर्षं काढली, मॅनेजरनं पत्र दिलं, सहा ठिकाणी फॉर्म भरले, दोन ठिकाणी झालं. फॉर्मची फी परत मिळत नाही, तेव्हा चार नीट भरलेले बरे.

ज्युनिअरचं मन अमेरिकेवर आहे. पण घरी त्यानं अजून केसचं सांगितलेलंच नाही, म्हटलं पहिलं ते कर, कारण लोनच्या कागदावर सही पप्पांचीच लागणार आहे.