शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूल: सात महिने खाऊन झाल्यावर

डबा उघडला की आधी सुकटीचा वास येतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर कपाट उघडलं तरी कळायचं. सासूबाई माळकरी. "अगं, बोंबील कुणी आणलेत घरात?" म्हणून चार दिवस शोध चालला. शेवटी डबा मशीनच्या खणात, रिळांखाली गेला.

मी युनिफॉर्म शिवते. तीस वर्षं पायमशीन मारलं. आता मोटर बसवली, पण गुडघे गेले ते गेलेच. विक्रेता म्हणाला, कूर्चेतली (म्हणजे सांध्यांत असते तशा मऊ, लवचीक हाडातली) प्रथिनं नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाहीत, म्हणून सूज उतरते, वर कॅन्सरही होत नाही. रोज 6 कॅप्सूल, महिन्याला 1800 रुपये.

नोव्हेंबरात सुरू केल्या आणि डिसेंबरात खरंच बरं वाटलं. पण त्याच महिन्यात फिजिओथेरपीवालीनं सांगितलेला व्यायामही धरला होता: गुडघ्याखाली उशी घेऊन दाबायची. फेब्रुवारीत माल आला नाही, तीन आठवडे कॅप्सूल बंद. गुडघ्याला पत्ताही नाही. मेमध्ये शाळांच्या ऑर्डरींनी उशी सुटली, कॅप्सूल चालू होत्या, तरी जिना चढताना कळ पुन्हा हजर!

मुलगी बी. फार्मला आहे. तिच्याकडून कळलं, विक्रेता खोटं नाही, अर्धं बोलला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतातच. 1975 मध्ये ब्रेम आणि फोकमन या संशोधकांनी सशाच्या डोळ्यात कॅन्सरच्या गाठीशेजारी कूर्चेचा तुकडा ठेवला, तर गाठीकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांची वाढ मंदावली. 1983 मध्ये ली आणि लँगर यांना शार्कच्या कूर्चेतही असाच गुण दिसला. 1990 मध्ये बैलाच्या खांद्याच्या कूर्चेतून असं एक प्रथिन वेगळंही काढलं. पण ते सगळं थेट जागेवर किंवा काचेच्या बशीत. आपण गिळतो ते प्रथिन डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचतं. पुढे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 379 रुग्णांवर शार्कच्या कूर्चेचा अर्क तपासला, तर आयुष्य वाढलं नाही. शार्कला कॅन्सर होत नाही म्हणतात, तेही खोटं. त्यांच्या गाठींच्या नोंदी आहेत.

मे अखेरीस दाढ काढायची होती. डॉक्टर म्हणाल्या, जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे आधी बंद करा. तेव्हा बंद केलं ते कायमचं.

उशी पुन्हा चालू आहे. उरलेला अर्धा डबा अजून खणातच. गल्लीतलं मांजर मशीनभोवती घुटमळतं, आणि सासूबाई त्याच्याकडे टक लावून बघतात.